शब्दांवरून मन कळते का?

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही निबंधाच्या जुन्या वह्यांचे कपाट आवरायला घेतले. रद्दीवाला दारात उभा होता आणि आम्ही मात्र वह्या चाळत बसलो होतो. त्यात एकाच मुलाच्या दोन वह्या हाती लागल्या, एक सहावीची आणि एक आठवीची.

सहावीच्या वहीत मांडूच्या सहलीवर निबंध होता. आम्ही चढलो, आम्ही दमलो, पाऊस आला, डबे भिजले, आम्ही खूप हसलो, असा तो भरभर धावणारा मजकूर. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर, पण वाचताना आपणही भिजतो. आठवीच्या वहीत ‘माझी सुट्टी’ होती. “मी घरीच होतो. मी कुठेच गेलो नाही. मला काहीच करावेसे वाटले नाही. मला कधीच कोणी विचारत नाही.” समासात लाल शाईने शेरा होता : “‘मी’ पुन्हा पुन्हा नको. वाक्यरचना सुधारा.” खाली दहापैकी पाच गुण.

शेरा आमच्यापैकीच एकाचा. त्या उन्हाळ्यात मुलाच्या वडिलांचे काम सुटले होते, बिऱ्हाड मोडले होते आणि तो आईबरोबर मामाकडे राहायला आला होता. हे आम्हाला कळले ते पुढे चार महिन्यांनी, तो सलग तीन आठवडे शाळेत आला नाही तेव्हा. आज तो महाविद्यालयात आहे, ठीक आहे. त्याच्या व त्याच्या आईच्या संमतीने, ओळख पटू नये इतका तपशील बदलून, हे येथे लिहीत आहोत.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यातून गेलेला नाही. माणूस कोणते शब्द वापरतो यावरून त्याच्या मनाची अवस्था, त्याचा स्वभाव ओळखता येतो का? वाचायला लागल्यावर लक्षात आले की यावर बरेच संशोधन झाले आहे. त्यातले जे आम्हाला समजले आणि शाळा-घराच्या उपयोगाचे वाटले, ते पालकांपुढे, मुलांपुढे व विश्वस्त मंडळापुढे ठेवत आहोत.

शब्द आणि स्वभाव यांची सांगड जुनीच आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॅल्टन यांनी १८८४ साली असा विचार मांडला की माणसांचे स्वभाव समजून घ्यायचे तर शब्दकोश उघडावा, कारण जे स्वभावविशेष लोकांना महत्त्वाचे वाटतात त्यांना भाषेत नावे मिळालेलीच असतात. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकन अभ्यासकांनी वेबस्टरच्या इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे जवळजवळ १८ हजार शब्द वेचून काढले. पुढच्या अभ्यासकांनी ते गाळून गाळून पाच मोठ्या गटांपर्यंत आणले. आज मानसशास्त्रात स्वभावाचे जे पाच मुख्य पैलू शिकवतात, त्यांचे मूळ या शब्दांच्या ढिगात आहे. आपल्याकडे असा ढीग कोणी उपसला तर भिडस्त, हेकट, लाघवी, आतल्या गाठीचा, चोंबडा, सोशिक असे एकाहून एक नमुने निघतील. आतल्या गाठीचा माणूस पाचपैकी कोणत्या गटात बसवायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

पण हे झाले दुसऱ्याचे वर्णन करणारे शब्द. माणूस स्वतः बोलताना, लिहिताना काय सांडतो, हा वेगळा प्रश्न. यात सर्वांत जास्त काम अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे जेम्स पेनेबेकर यांनी केले आहे. त्यांनी व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात संगणकाचा एक कार्यक्रम तयार केला. तो मजकुरातले शब्द मोजतो : दुःखाचे किती, आनंदाचे किती, ‘मी’ किती, ‘आम्ही’ किती. तो अर्थ समजून घेत नाही, नुसते मोजतो. त्यातून निघालेली गोष्ट त्यांनाही अनपेक्षित होती. मोठमोठ्या भावनिक शब्दांपेक्षा बारीकसारीक शब्द, म्हणजे सर्वनामे, अव्यये, जोडशब्द, माणसाबद्दल अधिक सांगून जातात. इंग्रजीत असे शब्द जेमतेम काही शे आहेत, पण रोजच्या बोलण्यातला निम्म्याहून अधिक भाग त्यांचाच असतो. आपण नाम-क्रियापदे विचारपूर्वक निवडतो. हे शब्द मात्र आपल्या नकळत येतात, म्हणून ते सजवता येत नाहीत.

२००४ साली स्टेफनी रूड, एवा-मारिया गॉर्टनर आणि पेनेबेकर यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले. विषय साधा होता : कॉलेजात आल्याबद्दल मनात खोलवर काय चालले आहे. जे विद्यार्थी त्या वेळी नैराश्यात होते, त्यांच्या निबंधांत ‘मी’ अधिक आढळला आणि नकारात्मक भावनेचे शब्दही अधिक आढळले. जे पूर्वी नैराश्यातून जाऊन बरे झाले होते, त्यांचा निबंध सुरुवातीला इतरांसारखाच होता, पण शेवटाकडे जाता जाता त्यांचाही ‘मी’ वाढत गेला.

असे का व्हावे? आम्हाला पटलेले उत्तर असे. दाढ दुखत असली की जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते. तिला दुसरीकडे जायला सांगून उपयोग नसतो. मन दुखत असले की लक्षही तसेच आत वळते, आणि लक्ष जिथे असते तिथला शब्द तोंडी येतो. आठवीतल्या त्या मुलाचा ‘मी’ वाक्यरचनेचा दोष नव्हता. त्याची जीभ दाढेकडे जात होती आणि आम्ही त्यासाठी गुण कापले.

दुसरी खूण टोकाच्या शब्दांची. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या मोहम्मद अल-मोसाईवी व टॉम जॉनस्टोन यांनी २०१८ साली इंटरनेटवरील ६३ गटांतील ६,४०० हून अधिक लोकांचे लेखन तपासले. त्यात चिंता व नैराश्याने त्रासलेल्यांचे मदत-गट होते आणि तुलनेसाठी इतर विषयांचेही गट होते. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’, ‘पूर्णपणे’, ‘काहीच नाही’ अशा, मधली वाट न ठेवणाऱ्या शब्दांचे प्रमाण चिंता-नैराश्याच्या गटांत सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाले. दुःखाच्या शब्दांपेक्षाही ही खूण अधिक बोलकी होती. बरे होत चाललेल्यांच्या लेखनात आनंदाचे शब्द परत आले होते, पण टोकाचे शब्द बऱ्यापैकी तसेच राहिले होते.

मराठीत या टोकाच्या शब्दांना एका अक्षराची जोड आहे, ती म्हणजे ‘च’. “मला जमत नाही” आणि “मला जमतच नाही” यांत जे अंतर आहे ते शिक्षकाला कानानेच कळते. पहिल्या वाक्यानंतर “चल, पुन्हा करून बघू” म्हणता येते. दुसऱ्याने दार लावून घेतलेले असते. अर्थात ‘च’ आपल्या बोलण्यात पावलोपावली आहे. “मला भूकच नाही” म्हणणारा मुलगा बहुधा शाळेतून येताना पोहे-जलेबी खाऊन आलेला असतो. तेव्हा ‘च’ ऐकून कोणी घाबरू नये.

आणि येथेच थांबून एक गोष्ट ठासून सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून उद्या घरोघरी मुलांचे ‘मी’ मोजले जातील. या खुणा खऱ्या आहेत, पण दुबळ्या आहेत. २०१७ साली ‘मी’ आणि नैराश्य यांवरच्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा दोहोंतला सहसंबंध ०.१३ एवढाच निघाला. पूर्ण सहसंबंध म्हणजे १ आणि अजिबात नसणे म्हणजे ०. म्हणजे शेकडो माणसांची सरासरी काढली तर फरक दिसतो, पण समोर बसलेल्या एका मुलाची वही उघडून काहीही ठरवता येत नाही. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की ‘मी’ वाढणे ही केवळ नैराश्याची खूण नाही. काळजी, राग, अस्वस्थता अशा कोणत्याही त्रासात ते होते. परीक्षेच्या आठवड्यात तर सगळ्या वर्गाचाच ‘मी’ वाढत असेल.

एक समज तर साफ चुकीचा निघाला. सारखे ‘मी, मी’ करणाऱ्याला आपण अहंमन्य म्हणतो. ‘मीपणा’ हा शब्दच आपण त्यासाठी घडवला आहे. २०१५ साली सुमारे ४,८०० लोकांवरच्या अभ्यासात ‘मी’ची संख्या आणि आत्मप्रौढी यांचा जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. याच्या बरोबर उलट, पेनेबेकर व सहकाऱ्यांना २०१४च्या अभ्यासात असे दिसले की दोघांच्या पत्रव्यवहारात खालच्या पायरीवरचा माणूस ‘मी’ जास्त वापरतो आणि वरच्या पायरीवरचा कमी. शाळेत आलेले अर्ज पाहिले तर हे लगेच पटते : “मी आपल्या शाळेचा विद्यार्थी असून मला, माझ्या, माझे...” आणि त्याला गेलेले उत्तर : “अर्ज मंजूर.” हा लेखही ‘आम्ही’ने लिहिला आहे. लाल शेरा नेमका कोणाचा, ते त्यात सोयीस्कर झाकले गेले आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेलच.

वर सांगितलेली बहुतेक मोजदाद इंग्रजी लेखनावर झालेली आहे आणि तिचे नियम उचलून मराठीला लावता येणार नाहीत. इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो. मराठीत “जातो”, “आले”, “करीन” एवढ्यात माणूस येऊन जातो, ‘मी’ची गरज नसते. शिवाय आपल्या भाषेत भावना माणूस करत नाही, त्या त्याच्याकडे येतात : मला राग आला, मला वाईट वाटले, मला भीती वाटते. येथे ‘मी’ नाही, ‘मला’ आहे. बोलणाऱ्याला वगळणारे ‘तुम्ही’, ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि दोघांनाही पोटात घेणारे ‘आपण’ अशी आपली वाटणीही इंग्रजीहून निराळी आहे. त्यात आपण राहतो इंदुरात. येथल्या हिंदीत “अपन को क्या” म्हणणाऱ्याचा ‘अपन’ म्हणजे तो एकटा, की सगळे, हे प्रसंगानेच कळते. आमची मुले हा ‘अपन’ मराठीतही बिनदिक्कत आणतात. तो कोणत्या रकान्यात मोजायचा?

त्रास सांगायची आपली पद्धतही वेगळी आहे. “मी निराश आहे” असे फार थोडी मराठी माणसे म्हणतात. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, कशात मन लागत नाही, कशातच राम वाटत नाही, असे आपण म्हणतो. मुलांचे दुःख तर बहुधा पोटातच असते. दर सोमवारी सकाळी पोट दुखणारे मूल खोटे बोलत असेलच असे नाही. काळजीने खरेच पोट दुखते. आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यांनी काही नाही म्हटले तर शाळेत काय चालले आहे ते विचारावे.

भाषेच्या निवडीबद्दल एक अभ्यास आम्हाला आमच्याच शाळेसाठी केल्यासारखा वाटला. कॅथरीन हॅरिस, आयशे आयचिचेगी आणि जीन बर्को ग्लीसन यांनी २००३ साली अमेरिकेत राहणाऱ्या तुर्की भाषकांना तुर्कीतले आणि इंग्रजीतले शब्द दाखवले, ऐकवले आणि त्यांच्या बोटांवरच्या घामातला सूक्ष्म बदल मोजला. लहानपणी घरात रागावताना वापरतात तशी वाक्ये तुर्कीत ऐकताना शरीराने जी उसळी घेतली, ती इंग्रजीत घेतली नाही. अर्थ दोन्हीकडे कळत होता. पण आईच्या भाषेतला शब्द कातडीपर्यंत पोचत होता.

याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे मराठीत केलेले कौतुक मराठी मुलाच्या अधिक आत जाते आणि मराठीत केलेला अपमानही. “मूर्ख आहेस का?” हे वर्गात सहज फेकले जाणारे वाक्य आमच्या मुलांना मराठीत अधिक लागत असणार. दुसरी बाजू अशी की जे फार दुखते ते सांगायला माणूस पुष्कळदा थोडी लांबची भाषा उचलतो. तिथे शब्दाला धार कमी असते, म्हणून तो हातात धरता येतो. “मूड ऑफ आहे”, “टेन्शन आलंय”, “कुछ नहीं यार” ही वाक्ये ऐकून आपल्याला मराठीची काळजी वाटते. पण कधी कधी मूल त्या परक्या शब्दाच्या आडून काही सांगत असते.

आमच्या शाळेत आवारात मराठीच बोलायचे असा दंडक आहे आणि तो आम्हाला मनापासून मान्य आहे. चहूकडे हिंदी असताना पिढ्यान्‌पिढ्या येथे मराठी टिकली ती अशा दंडकांमुळेच. तरीही विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की एक अपवाद लेखी मान्य करावा. मूल मनातले काही सांगायला आले तर ते ज्या भाषेत सांगेल त्या भाषेत ऐकून घ्यावे, आणि “आधी मराठीत बोल” असे कोणीही म्हणू नये. आम्ही हे म्हटलेले आहे. मूल तेव्हा मराठीत बोलत नाही, गप्प बसते.

मग शब्दांचा उपयोग कधीच होत नाही का? होतो. पण एका माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता, त्याची त्याच्याशीच केली तर. याचे एक ठळक उदाहरण इंग्लिश कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांचे आहे. त्यांचे १९९९ साली निधन झाले आणि त्यांना अल्झायमर असल्याचे नंतर मेंदूच्या तपासणीतही निश्चित झाले. पीटर गॅरार्ड व सहकाऱ्यांनी २००५ साली त्यांच्या तीन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या : १९५४ची पहिली, १९७८ची गाजलेली आणि १९९५ची शेवटची. शेवटच्या कादंबरीत वाक्यांची बांधणी फारशी बिघडलेली नव्हती, पण शब्दसंपत्ती आटली होती आणि नेहमीचे, सोपे शब्द वाढले होते. आजाराचे निदान होण्याआधीच लिहिलेले ते पुस्तक. नुसते शेवटचे पुस्तक वाचणाऱ्याला यातले काही कळले नसते. आधीची दोन हाती असणाऱ्यालाच फरक दिसला.

आपल्या मुलांची आधीची पुस्तके कोणाच्या हाती असतात? घरी आई-वडील, आजी-आजोबा आणि शाळेत वर्गशिक्षक. समुपदेशक किंवा डॉक्टर मुलाला प्रथमच पाहतात. मूल पूर्वी कसे बोलत होते हे त्यांना आपणच सांगायचे असते. बडबडे मूल गप्प झाले, गप्प मूल अचानक तडतडू लागले, ‘आम्ही मित्र’चे ‘ते लोक’ झाले, उद्याबद्दलची वाक्ये थांबली, आवडत्या खेळाचे नावही निघेनासे झाले, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, झोप-भूकही बदलली, तर शांतपणे विचारावे. “तू आजकाल वेगळा बोलतोस” असा आरोप न करता, “काय रे, बरा आहेस ना?” एवढे पुरते. उत्तर लगेच येत नाही. स्वयंपाक करताना, स्कूटरवर मागे बसून जाताना, डोळ्याला डोळा नसताना येते. जगण्यात अर्थ नाही अशा आशयाचे काही मूल बोलले किंवा लिहिले, तर मात्र शब्द मोजत न बसता, त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य.

मुलांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. लिहिण्यातून मन दिसते तसे लिहिल्याने मनाला थोडे बरेही वाटू शकते. पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहायला लावले. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सर्वांत दुःखद प्रसंग. ज्यांनी प्रसंग आणि त्याबद्दल काय वाटले हे दोन्ही लिहिले, त्यांना लिहून झाल्यावर आधी वाईटच वाटले, पण पुढच्या महिन्यांत ते दवाखान्यात कमी वेळा गेले. पुढे २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला, तेव्हा फायदा सरासरीने छोटाच निघाला. म्हणजे हे औषध नाही, पण खर्च फक्त पेन्सिलीचा आहे. ज्यांना अधिक फायदा झाला त्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता समजते’ असे शब्द वाढत गेले होते, असेही आढळले. लिहून झाले की पान फाडून टाकलेत तरी चालेल, शुद्धलेखनाची काळजी नको. आणि लिहिताना फारच त्रास होऊ लागला तर वही मिटून कोणाकडे तरी जा.

या जूनपासून मराठीच्या शिक्षकांनी एक बदल केला आहे. निबंधाची वही तपासायला घेतली की लाल पेन उचलण्याआधी एकदा नुसते वाचायचे, आणि त्याच मुलाचा मागचा निबंधही उघडायचा. एका वर्गाला दीड तास जास्त लागतो. निबंधातला खासगी मजकूर शिक्षक-खोलीत मोठ्याने वाचायचा नाही आणि मुलाला विचारल्याशिवाय घरीही कळवायचा नाही, जिवाला धोका दिसला तर तेवढा अपवाद. ‘‘मी’ पुन्हा पुन्हा नको’ हा शेरा बंद केला आहे. त्याऐवजी काय लिहावे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. एका बाईंनी परवा एका वहीत नुसतेच “भेट” असे पेन्सिलीने लिहिले. मुलगी मधल्या सुट्टीत आली, बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिली आणि घंटा झाल्यावर म्हणाली, “बाई, उद्या येऊ?”